राजाचा नवस आणि राणीची प्रार्थना

फ्रांक लोकांचा राजा क्लोव्हिस हा इ. स. ४८१ मध्ये, सुमारे १५ वर्षांचा असता, गादीवर बसला. त्याची राणी क्लोटिल्डा ख्रिस्ती होती. तो मात्र मूर्तिपूजक. तूर्स येथील बिशप ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या इतिहासात यांची हकीकत आहे.

राणीने पहिल्या पुत्रास बाप्तिस्मा देवविला, आणि ते लेकरू बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या वस्त्रांतच वारले. राजा संतापून म्हणाला की, आमच्या देवांस वाहिले असते तर ते जगले असते. हाच टोमणा आमच्या मंडळ्यांतील किती मातांनी ऐकला असेल! राणीने तरी देवाचे उपकारच मानले, आणि दुसऱ्या पुत्रासही बाप्तिस्मा देवविला. तोही आजारी पडला. परंतु तिने प्रार्थना केली व तो बरा झाला. तथापि राजाचे मन वळले नाही.

ते वळले रणांगणावर. आलेमान्नी लोकांशी लढताना सैन्याचा नाश होऊ लागला, तेव्हा त्याने नवस केला की, ख्रिस्ताने जय दिल्यास मी बाप्तिस्मा घेईन. जय मिळाला. रीम्स येथे बिशप रेमिगियसने त्याला बाप्तिस्मा दिला. हे वर्ष परंपरेने ४९६ मानतात. कित्येक विद्वान ५०८ म्हणतात. त्याच्यामागून ३००० हून अधिक शिपायांनी बाप्तिस्मा घेतला, असे ग्रेगरी लिहितो.

आम्ही नवसाला हसत नाही. बेथेल येथे याकोबानेही नवस केला होता. पण त्या ३००० जणांची आम्हांस काळजी वाटते. पाटील आला म्हणजे गाव येते, हे उपदेशकांस ठाऊक आहेच. पुढे त्यांस शिकविले कोणी? खुद्द राजाने तर भाऊबंद एकेक करून मारविले. आणि शेवटी आपणांस कोणी नातलग उरला नाही म्हणून तो रडला, तेही कोणी उरला असल्यास सापडावा व मारता यावा म्हणून!

५११ त तो वारला व राज्य चार पुत्रांत वाटले गेले. आजारातून वाचलेला तो पुत्र, क्लोडोमेर, ५२४ त युद्धात पडला. त्याची तीन मुले आजीने वाढविली. त्यांतील दोघांस त्यांच्या सख्ख्या चुलत्यांनी, म्हणजे राणीच्याच पुत्रांनी, राज्यलोभाने ठार केले. त्या लहान प्रेतांमागून ती वृद्धा स्तोत्रे गात पॅरिस येथील देवळापर्यंत चालत गेली.

तिसरा नातू वाचला. लांब केस हे त्या राजकुळाचे चिन्ह होते. ते त्याने स्वहस्ते कापले आणि तो देवाच्या सेवेस लागला.