सहा दिवस आणि सातवा दिवस

(वाचन: निर्गम २०:८-११; १ राजे १९:१-८)

आज मला प्रथम माझी एक चूक कबूल करावयाची आहे. आमच्या मंडळींतील एक तरुण पोलीस भरतीची तयारी करीत होता. पुरुष उमेदवारांस १६०० मीटर धांवावें लागतें. म्हणून तो रोज पहांटे डांबरी सडकेवर धांवे. एके सकाळीं पाय दुखतात म्हणून तो घरीं राहिला, तेव्हां मींच त्याला नीतिसूत्रांतील मुंगीचा धडा ऐकविला. बिचारा त्या दिवसापासून रविवारसुद्धां सोडीना. दीड महिन्यांत त्याच्या नडगीच्या हाडास बारीक चीर गेली व ती भरती हुकली. "आठवड्यांत विसावा केव्हां घेत होतास?" असें डॉक्टरांनीं विचारलें, तेव्हां त्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं मान खालीं घातली.

डॉक्टरांनीं पुढें जें सांगितलें तें मला सेमिनरींत कोणीं शिकविलें नव्हतें. व्यायामानें शरीर त्या घटकेस बळकट होत नसून झिजतें. बळ येतें तें मागाहून, झोपेंत व विसाव्यांत, ती झीज भरून निघतांना. हाडांस तर स्नायूंहून पुष्कळ अधिक काळ लागतो. डागडुजी पुरी होण्यापूर्वींच घावावर घाव बसत गेले कीं हाड चिरतें. शेतकऱ्याला हें नवें नाहीं. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत सातव्या वर्षीं जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे, आणि लागलीच पुढें बैलास व गाढवास विसावा द्यावयास सांगितलें आहे. ज्या देवानें बैलाची आठवण ठेविली, तो तरुणाच्या नडगीला विसरेल काय?

परंतु आळशी मनुष्यानें हा लेख उशाशीं घेऊन निजूं नये. त्याच आज्ञेंत सहा दिवस श्रम करण्याचेंही सांगणें आहे. पूर्वींचा सुवार्तिक पायीं गांवोगांव हिंडे. आज आपण मोटारसायकलीवर जातों व मधुमेहाच्या गोळ्या खिशांत बाळगतों. प्रौढांनीं आठवड्यांत निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. पांच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चाललें तरी हा हिशेब पुरा होतो. पोटाविषयीं मी अधिक लिहीत नाहीं. आधीं माझेंच मोजावें लागेल.

स्कॉटलंडचा धांवपटू एरिक लिडेल, जो पुढें चीन देशांत मिशनरी झाला, त्याची कथा आपण मुलांस सांगतों. १९२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटरची प्राथमिक शर्यत रविवारीं होती, म्हणून तो तींत उतरला नाहीं. ४०० मीटर ४७.६ सेकंदांत धांवून पहिला आला. परंतु तें वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधीं कळलें होतें व मधल्या काळांत त्यानें ४०० मीटरचा कसून सराव केला, हें सांगावयाचें राहून जातें.

आतां एलीयाकडे पाहा. ईजबेलीच्या धमकीनें पळत सुटलेला तो संदेष्टा रतामाच्या झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. देवदूतानें त्याला बोधवचन ऐकविलें नाहीं. (मीं ऐकविलें असतें.) निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी त्याच्या उशाशीं होतें; तें खाऊन तो पुन्हां निजला, आणि देवदूतानें त्याला निजूं दिलें. दुसऱ्यांदा जेवूं घालतांना मात्र वाट लांबची आहे हें सांगितलें. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री होरेबापर्यंत चालला.

आणि आपल्या घरीं? रविवारीं उपासना आटोपून पुरुष खाटेवर आडवा होतो. त्याच वेळीं घरधनीण पाहुण्यांसाठीं रस्सा शिजवीत असते. आज्ञेंत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरें, उपरी यांचा उल्लेख आहे, पत्नीचा नाहीं. तिला वगळलें आहे असें समजूं नका. "तूं" ह्या शब्दांत तीही आली. शनिवारींच थोडें रांधून ठेवावें, व रविवारचें पाणी पुरुषानें भरावें.

सुवार्तिक बंधूंनो, आपला तर रविवार हाच सर्वांत कष्टाचा दिवस. प्रेषित सेवेहून परत आले तेव्हां त्यांस जेवावयासही सवड नव्हती, हें पाहून प्रभूनें त्यांना एकांतीं नेलें. आपणही दुसरा एखादा दिवस राखावा.

तो तरुण आतां चार दिवस मातीच्या मैदानावर धांवतो, दोन दिवस नुसता चालतो आणि रविवारीं उपासनेस येतो. मीं मंगळवार विसाव्यासाठीं ठेविला आहे व तसें मंडळीस कळविलें आहे. पहिल्याच मंगळवारीं तिघेजण आले. त्यांतील एक माझी प्रकृति विचारावयास.