चौदा निसानची दुपार

मध्यरात्री तारीख बदलते, ही सवय थोडा वेळ बाजूला ठेवा. आपण येशूच्या काळातल्या यरुशलेमेत आहोत. इथे सूर्य मावळला की दिवस संपतो आणि तिथूनच नवा सुरू होतो. आधी रात्र, मग उजेड. सावकाश बसा, या क्रमात मन रुळायला वेळ लागतो.

आता महिना. पश्चिमेला चंद्राची कोर दिसली, पाहणाऱ्यांनी तशी साक्ष दिली, की निसान लागला. शेतातले जव तयार नसतील तर त्याआधी एक महिना अधिक धरायचा. अधिक मास आपल्याला नवा नाही. चौदाव्या दिवशी दुपारी मंदिरात वल्हांडणाची कोकरं कापायची, आणि सूर्यास्तानंतर, म्हणजे पंधरा निसान लागल्यावर, पौर्णिमेच्या चांदण्यात भोजन. (म्हणून वधस्तंभाच्या वेळचा अंधार सूर्यग्रहणाचा असू शकत नाही. ते अमावास्येलाच लागतं.)

इथे थांबा. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या सांगण्यानुसार शेवटचं भोजन वल्हांडणाचंच होतं, म्हणजे येशूचा मृत्यू पंधरा निसानला. योहान सांगतो, यहूदी पुढारी सुभेदार पिलाताच्या वाड्यात शिरले नाहीत, कारण वल्हांडणाचं जेवण अजून व्हायचं होतं. म्हणजे चौदा. वार मात्र चौघांचाही एक: शब्बाथाच्या आदल्या, तयारीच्या दिवसाचा. मेळ बसवण्याची घाई करू नका. माझा कल योहानाकडे आहे. ऐन सणाच्या दिवशी खटला आणि शिक्षा उरकली असेल, हे मला पटत नाही. मार्क मृत्यूची वेळ देतो नववा तास, आपले दुपारचे तीन. योसेफस हा यहूदी इतिहासकार कोकरं कापण्याची वेळ नोंदवतो नवव्या ते अकराव्या तासाची. या दोन नोंदी शेजारी ठेवा आणि काही क्षण नुसत्या पाहा.

वर्षाचं थोडक्यात. पंतय पिलात इ.स. 26 ते 36 यहूदियाचा सुभेदार होता. त्या काळात चौदा निसान शुक्रवारी आल्याच्या ठळक तारखा दोन: 7 एप्रिल 30 आणि 3 एप्रिल 33. दुसऱ्या तारखेच्या संध्याकाळी यरुशलेमेत चंद्र उगवला तो ग्रहण लागलेलाच, असं गणित सांगतं. ते मांडून हम्फ्रीज आणि वॉडिंग्टन या अभ्यासकांनी 1983 मध्ये 33 सालाची बाजू घेतली. तरीही कोर दिसायच्या संध्याकाळी आकाशात ढग होते का, हे कोणत्याच गणिताला कळत नाही.

मग तीन दिवस आणि तीन रात्रींचं काय? योना माशाच्या पोटात होता तसा आपणही तितका काळ भूमीच्या पोटात राहू, या येशूच्या उद्गारावरून काहीजण वधस्तंभ बुधवारी नेतात. पण यहूदी मोजणीत दिवसाचा तुकडाही दिवस धरतात. एस्तेर तीन दिवस, रात्रंदिवस उपास करायला सांगते आणि तिसऱ्याच दिवशी राजापुढे उभी राहते. रविवारी अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्यही म्हणतात की आज तिसरा दिवस. बुधवारपासून मोजलं तर तो पाचवा भरतो. मला शुक्रवारच बरोबर वाटतो. योहानाच्या हिशेबाने त्या वर्षी पंधरा निसान शनिवारी आला, म्हणून जवाची पहिली पेंढी ओवाळण्याचा दिवस परूशी आणि सदूकी या दोन्ही पंथांच्या मोजणीत रविवारच ठरतो. पौल उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, ते या पेंढीजवळ उभं राहून ऐका.

आता आकडे सोडा आणि गालीलाहून आलेल्या स्त्रियांच्या मागे चाला. ऊन कलतंय. अरिमथाईकर योसेफाने देह मागून आणलाय, हातात वेळ नाही. सूर्य टेकला की शब्बाथ लागेल आणि काम थांबेल. कबर कुठे आहे, देह कसा ठेवलाय, एवढं त्या पाहून घेतात. सुगंधी द्रव्यं तयार करतात आणि आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहतात. हे स्वस्थ राहणं किती जड असेल! जायची वाट माहीत आहे, हातात द्रव्यं आहेत, आणि जायचं नाही. शनिवारी सूर्य मावळतो, शब्बाथ सरतो, तरी रात्र आडवी येते. त्या निघतात त्या रविवारी अगदी पहाटे.

शुभ शुक्रवारी सूर्य मावळताना लूकचा तेविसावा अध्याय शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. चोविसावा मात्र रविवार उजाडेपर्यंत उघडू नका.