जाणणाऱ्याचे कर्तव्य

अलीकडे कोणतेही वर्तमानपत्र उघडावे, त्यात आरोग्याविषयी काही ना काही नवे संशोधन छापलेले असतेच. किती तास झोप घ्यावी, अक्रोड खाल्ल्याने स्मरणशक्ती वाढते काय, उतारवयात शब्दकोडी सोडविल्याने विस्मरण लांबते काय, अशा मजकुराला वाचकांची वाण कधी पडत नाही. त्यातही विषय मेंदूचा असला म्हणजे आपले कुतूहल अधिकच जागे होते. सव्वा-दीड किलो वजनाचा हा मऊ गोळा शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकटा वापरतो, हे वाचून कोणाला नवल वाटणार नाही? हे कुतूहल वाईट नाही. देवाने बुद्धी दिली ती झाकून ठेवण्यासाठी नव्हे.

तथापि या आवडीकडे थोडे निरखून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक शोधाला आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : यातून मला काय मिळेल? माणूस आपल्या मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, हे वाक्य आपण अनेकदा ऐकले असेल. ते खरे नाही. मेंदूत अशी कोरी पडलेली नव्वद टक्के जागा कोठेही सापडलेली नाही. तरीही ते वाक्य मरत नाही, कारण ते आपणांस सुखावते. आपल्यात फार मोठे धन दडले आहे, अशी आशा लावते. काही वर्षांपूर्वी ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ या नावाचे वर्ग महाराष्ट्रात व अन्य प्रांतांतही निघाले. मुले डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागतील, असे तेथे सांगत. पालकांनी हजारो रुपये भरले. विवेकवादी कार्यकर्त्यांनी चाचणी घेतली, तेव्हा मुले नाकाजवळच्या फटीतून पाहतात असे उघड झाले. पैसे गेले ते गेलेच. पण आईबापांना खूश करण्यासाठी लेकरे खोटे वागण्यास शिकली, हे नुकसान अधिक मोठे होय.

ज्या ज्ञानाकडून आपण केवळ घेऊ पाहतो, ते भीतीच्या वेळी कसे वागावयास लावते, याचा अनुभव सुरत शहराने घेतलेला आहे. १९९४ च्या सप्टेंबरात तेथे प्लेगची साथ आल्याची बातमी पसरली, आणि थोड्याच दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. सुरतेच्या यंत्रमागांवर काम करणारी खानदेशातील मंडळी ताप्ती व्हॅलीच्या गाड्यांनी नंदुरबार, धुळे, जळगावकडे परतली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांनी प्लेग आवरतो, एवढे ज्ञान घरोघर पोहोचले होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, ज्यांना काहीच झाले नव्हते अशांनी गोळ्यांचा साठा केला व दुकाने रिकामी पडली. काही डॉक्टरही दवाखान्यांना कुलूप लावून गेले. सर्व देशात मिळून या साथीने घेतलेले बळी पन्नासच्या आसपास होते. गोळीचे ज्ञान खरे होते. पण शेजाऱ्याला गोळी मिळाली की नाही, हे विचारणारे थोडे होते.

त्याच सुरतेत पुढे अगदी निराळी गोष्ट घडली, आणि ती मेंदूविषयीच्या ज्ञानातूनच घडली. तिच्याविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे, कारण मेंदूचे हे ज्ञान आपणांस काही देत नाही. ते आपल्याकडून काही मागते. म्हणूनच की काय, त्याविषयी आपण वाचतो कमी, आणि घरात तर बोलतच नाही.

ते ज्ञान असे. मेंदूच्या तळाशी, मानेच्या बाजूस देठासारखा एक लहान भाग आहे. त्याला मेंदूस्तंभ म्हणतात. आपला श्वास त्याच्या हुकुमाने चालतो. शुद्धीत राहणेही त्याच्यावर अवलंबून आहे. अपघाताने वा रक्तस्रावाने हा भाग कायमचा नष्ट झाला, तर माणूस पुन्हा आपणहून श्वास घेऊ शकत नाही. परंतु हृदयाचे ठोके हृदयातच उपजतात. यंत्राने छातीत हवा भरत राहिले, तर ते आणखी काही तास, काही दिवस चालू राहू शकते. अंग उबदार असते, नाडी लागते, आणि तरीही तो माणूस परत येणार नसतो. यालाच डॉक्टर मेंदूमृत म्हणतात.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे, जाणीव हरपलेल्या स्थितीत होत्या. पण त्या मेंदूमृत नव्हत्या. त्यांचा मेंदूस्तंभ जिवंत होता, श्वास त्या स्वतः घेत. म्हणून त्यांची सेवा करणे हेच योग्य होते, आणि तेथील परिचारिकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या केली. बेशुद्धी निराळी आणि मेंदूचा मृत्यू निराळा. हे दोन एक समजले, की एकीकडे निष्ठुरता व दुसरीकडे खोटी आशा उत्पन्न होते.

आपल्या देशात १९९४ मध्येच मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संसदेने केला, व त्यात मेंदूस्तंभाच्या मृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता मिळाली. हा मृत्यू ठरविण्यास चार डॉक्टर लागतात, आणि अवयव बसविणाऱ्या पथकातील कोणीही त्यांत असता कामा नये. डोळ्यांवर प्रकाश टाकून पाहतात, घशातील नळी हलवून खोकला येतो का हे पाहतात, आणि शेवटी यंत्र थांबवून श्वास आपणहून येतो का याची वाट पाहतात. निदान सहा तासांनी या सर्व तपासण्या पुन्हा करतात. त्यानंतरच घरच्या माणसांना विचारता येते की, यांचे अवयव तुम्ही द्याल काय?

सुरतेत हा प्रश्न अनेक घरांना विचारला गेला आहे. नीलेश मांडलेवाला यांनी स्थापन केलेली ‘डोनेट लाइफ’ ही संस्था तेथे अशा कुटुंबांना भेटून समजावून सांगण्याचे काम करते. डिसेंबर २०१५ मध्ये सुरतेहून एक हृदय विमानाने मुंबईस नेण्यात आले. हृदय शरीराबाहेर काढल्यावर चारएक तासांत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते, म्हणून पोलिसांनी रस्ते मोकळे केले. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतेतील एका चौदा महिन्यांच्या बालकाचे हृदय मुंबईत साडेतीन वर्षांच्या एका मुलीला बसविले गेले. पाळण्यातील लेकराविषयी हा निर्णय घेणाऱ्या आईबापांच्या मनात त्या रात्री काय चालले असेल, याची कल्पना आपण करू नये. केवळ मान लववावा.

परंतु मान लववून विषय संपत नाही. विचारी माणसाला येथे काही प्रश्न पडतात, आणि ते पडलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न : हा खरोखर मृत्यू आहे काय? का दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून आपण मृत्यूची व्याख्या अलीकडे ओढून आणली? हा संशय मूर्खपणाचा नाही. मेंदूच्या मृत्यूची व्याख्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीने १९६८ मध्ये मांडली. केप टाउन येथे डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये पहिले हृदयरोपण केल्यानंतरची ही गोष्ट आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. तो रोगी काही तासच जगला. त्याच वर्षी जपानात डॉ. वाडा यांनी हृदयरोपण केले, पण दाता खरोखर मृत झाला होता काय, यावर वाद उठला. खटला उभा राहिला नाही, तरी लोकांचा विश्वास मात्र उडाला. जपानात पुढचे हृदयरोपण होण्यास १९९९ साल उजाडावे लागले. विज्ञान अचूक असले तरी विश्वासावाचून ते पांगळे आहे, हाच यातला धडा होय. म्हणून चार डॉक्टर, दोन तपासण्या व सहा तासांचे अंतर यांना कोरी औपचारिकता समजू नये. नातेवाइकांनी प्रश्न विचारले तर रागावू नये. आमच्यापुरते म्हणाल तर, ज्या देहात श्वास पुन्हा कधी जागा होणार नाही आणि जाणीव कधी परतणार नाही, त्याला मृत म्हणण्यास आम्हांस अडचण वाटत नाही. परंतु ज्याला अद्याप वाटते, त्याला आम्ही घाई करणार नाही.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. अवयव देणाऱ्यांत श्रीमंतांचीच घरे नाहीत, कष्टकऱ्यांचीही आहेत. पण हृदय बसविण्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो, आणि पुढे जन्मभर औषधे घ्यावी लागतात. म्हणजे गरिबाने द्यावे आणि ऐपतदाराने घ्यावे, असे होण्याचा धोका उघड आहे. १९९४ चा कायदा येण्यापूर्वी या देशात गरिबांची मूत्रपिंडे विकत घेतली जात होती, हेही विसरता येत नाही. आता अवयव प्रतीक्षायादीनुसार दिले जातात, ही सुधारणा खरी. पण यादीत नाव घालण्यापर्यंत गरीब पोहोचतो काय? दानाची स्तुती करणाऱ्याने हा प्रश्नही तितक्याच मोठ्याने विचारला पाहिजे. नाहीतर ती स्तुती दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानधर्मासारखी होईल.

तिसरा प्रश्न आपल्या मंडळीत हळू आवाजात विचारला जातो : देह अपुरा पुरला, तर पुनरुत्थानाच्या दिवशी काय? समुद्रात बुडालेले, अग्नीत जळालेले, रणांगणावर छिन्नविच्छिन्न झालेले संत देवाला सापडणार नाहीत, असे आपल्यापैकी कोणीही मानीत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिताना बीजाचा दृष्टान्त दिला आहे, तो वाचावा. पेरलेले बीज आणि उगवलेले रोप यांतील फरक शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगण्याची गरज नसते.

आता मुख्य मुद्दा. मग अवयव देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. कर्तव्य म्हटले की मागणाऱ्याचा हक्क निर्माण होतो, आणि कोणाच्याही हृदयावर दुसऱ्याचा हक्क असू शकत नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराशी रडणाऱ्या आईला ‘हे तुमचे कर्तव्य आहे’ असे सांगणे क्रूरपणाचे होय. दान हे दानच राहिले पाहिजे. जी आई नाही म्हणते, तिला मंडळीने कमी लेखू नये.

पण विचार करणे मात्र कर्तव्य आहे. देणे ऐच्छिक असेल. जाणूनही न जाणल्यासारखे करणे ऐच्छिक नाही. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात याजक व लेवी यांनीही जखमी माणसाला पाहिले होते. त्यांना माहिती नव्हती असे नाही. त्या माहितीने आपल्याकडे काही मागावे, हे त्यांना नको होते, म्हणून ते दुसऱ्या बाजूने गेले. आरोग्याचे लेख चवीने वाचणारे आपण, हा एक लेख आला की पान उलटतो, तेव्हा आपणही रस्त्याची दुसरी बाजूच धरतो.

आणि त्याची किंमत कोण देते? आपण धडधाकट असताना जे बोललो नाही, ते आपल्या बायकोला, मुलाला, भावाला त्या भयंकर रात्री एकट्याने ठरवावे लागते. ‘त्यांची इच्छा काय असेल?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नसते. होय म्हटले तरी मन खाते, नाही म्हटले तरी खाते. अर्ध्या तासाचे बोलणे आपण टाळले, म्हणून हे ओझे त्यांच्यावर पडले. आपली इच्छा काय ती असो, होय असो वा नाही असो. ती घरच्यांना सांगून ठेवणे हे प्रेमाचे काम आहे. कायद्याने भरावयाचा प्रतिज्ञेचा अर्जही आहे; पण घरच्यांना ठाऊक नसलेला अर्ज पेटीत पडून राहतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची एक विनंती आहे. मोठ्या मुलांच्या वर्गात मेंदूविषयी बोलणे निघते, तेव्हा त्यांना मेंदूची नवलाई जरूर सांगावी, आणि दहा टक्क्यांसारख्या भाकडकथा खोडून काढाव्यात. पण तेथेच थांबू नये. प्रत्येक शोधाला दोन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लावावी : हे खरे आहे काय? आणि खरे असेल, तर यामुळे माझ्या शेजाऱ्याचे माझ्याकडे काय येणे निघते? पहिला प्रश्न त्यांना फसवणुकीपासून वाचवील. दुसरा त्यांना माणसांत ठेवील.

वडीलमंडळींनीही एक करावे. कोणाच्या घरी असा प्रसंग आल्याचे कळले, तर उपदेश घेऊन जाऊ नये. पाण्याचा तांब्या व जेवणाचा डबा घेऊन जावे, आणि शेजारी बसावे. त्यांनी होय म्हटले तरी बसावे, नाही म्हटले तरी बसावे.