किनाऱ्यावरील विसावा

शास्त्रवाचन : अनुवाद ५:१२-१५; योहान २१:१-१४



मुलांच्या परीक्षा संपल्या, की घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा सुटीत कोठे जावयाचे? आपण नागपुरास राहत असा, इंदुरास, बडोद्यास वा दिल्लीस. घरात लहान मुले असली, की उत्तर बहुधा ठरलेले असते. समुद्रावर! तेथे मुलांना खेळणी लागत नाहीत. वाळू, पाणी आणि आईवडील एवढे मिळाले, की त्यांचा दिवस भरून जातो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही उभयता सात वर्षांची मुलगी व पाच वर्षांचा मुलगा यांना घेऊन चार दिवस किहीम येथे राहिलो. मुंबईच्या गेटवेपासून लाँचने मांडवा, तेथून पुढे रायगड जिल्ह्यातील हे गाव. नारळी-पोफळीच्या वाडीत एक लहानसे रिसॉर्ट, पुढे सुरूचे बन आणि त्यापलीकडे समुद्र.

या किनाऱ्याला विसाव्याचा एक जुना इतिहास आहे. किहीमजवळच नवगाव आहे. आपले मराठी बोलणारे यहुदी बांधव, म्हणजे बेने इस्राएल, असे सांगत आले आहेत की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत येथे फुटले आणि वाचलेले थोडे लोक कोकणातील गावांत वसले. त्यांनी तेलाचे घाणे चालविले. पण शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. अलिबागेत आजही इस्राएल आळी आहे व तेथे त्यांचे सभास्थान उभे आहे. विचार करा : एखाद्या समाजाची ओळख तो काय काम करतो एवढ्यावरून न होता, तो कोणत्या दिवशी थांबतो यावरून झाली! आपली ओळख आपल्या शेजाऱ्यांना कशावरून होते?

अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. परंतु तिच्यातील यादी आपण फारशी लक्षपूर्वक वाचलेली नाही. परमेश्वर विसाव्यासाठी कोणाकोणाची नावे घेतो? प्रथम तू, मग तुझा मुलगा व तुझी मुलगी, मग तुझे दास व दासी, तुझी गुरेढोरे, आणि शेवटी तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरी. त्या चार दिवसांत ही यादी माझ्यासमोर एकेक करून उभी राहिली.

१. तू

आपल्यापैकी अनेक भाविकांना विसावा घेताना अपराधी वाटते. प्रभूचे काम एवढे पडले आहे, आणि आपण समुद्रावर पैसे खर्च करावे काय, असा प्रश्न मनाला बोचतो. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकाकडे पाहा. मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण झाला. म्हणजे त्याने पाहिलेला पहिला पूर्ण दिवस हा देवाच्या विसाव्याचा होता. त्याने अद्याप काहीही मिळविलेले नव्हते, तरी देवाने त्याला विसाव्यात घेतले. विसावा हे श्रमाचे वेतन नव्हे. ते कृपेचे दान आहे. आपल्या प्रभूनेही थकलेल्या शिष्यांना एकांती बोलाविले (मार्क ६:३१), आणि वादळात तो स्वतः होडीच्या मागील भागात झोपी गेला होता. ज्याला पित्यावर भरवसा आहे, त्यालाच झोप लागते. जो क्षणभरही थांबू शकत नाही, त्याने आपला भरवसा खरोखर कोणावर ठेविला आहे, हे एकदा तपासून पाहावे.

२. तुझा मुलगा व तुझी मुलगी

पहिल्या दिवशी आम्ही अलिबागेस आंग्र्यांचा कुलाबा किल्ला पाहावयास गेलो. हा किल्ला समुद्रात आहे. ओहोटी लागली, की तेथे पायी जाता येते. आम्ही पोहोचलो तेव्हा वाटेवर अजून पाणी होते. मी घड्याळाकडे पाहून अस्वस्थ झालो. एका घोडागाडीवाल्याने हसून सांगितले, "साहेब, समुद्राची वेळ आपल्याला पाळावी लागते." भरतीओहोटीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज या घटकेला मोकळी असलेली वाट उद्या याच घटकेला मोकळी असेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने वाळूत तसाच किल्ला बांधला. सभोवती पाण्याचा खंदकही केला. "बाबा, बघायला या ना!" अशी त्याने हाक मारली. मी भ्रमणध्वनीवर कचेरीतील एका सहकाऱ्याशी बोलत होतो. "एक मिनिट," मी म्हणालो. त्याने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा तेच उत्तर दिले. बोलणे संपवून मी गेलो, तोवर भरतीच्या लाटेने किल्ला नेला होता. तो रडला नाही. दुसरा किल्ला बांधू लागला. मात्र या वेळी त्याने मला हाक मारली नाही.

प्रिय मातापित्यांनो, त्या न आलेल्या हाकेने मला जितके बोधिले, तितके अनेक उपदेशांनी बोधिले नव्हते. लेकरांचे बालपण ही ओहोटीच्या वेळची वाट आहे. ती आज मोकळी आहे. आपण मुलांना शेकडो मैल दूर नेतो, त्यांच्यासाठी खर्च करतो, आणि ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी हट्ट धरलेला असतो, ती म्हणजे आपण स्वतः, तेवढी मात्र घरी विसरून येतो. आपला स्वर्गीय पिता आपल्या हाकेला 'एक मिनिट' असे उत्तर देत नाही.

३. तुझे दास, तुझी दासी आणि उपरी

तिसरा दिवस रविवारचा. वऱ्हांड्यात बसून आम्ही कुटुंबाची प्रार्थना केली. त्यानंतर चहा येण्यास उशीर झाला, म्हणून मी काहीशा चढ्या आवाजात विचारणा केली. चहा घेऊन आलेल्या बाईंनी निमूटपणे माफी मागितली. त्या पहाटेपासून खोल्या झाडीत होत्या. माझी मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. तिने विचारले, "मावशी, तुमची सुटी कधी असते?"

त्या हसल्या. "पाऊस लागला की सुटीच सुटी, बाय," त्या म्हणाल्या. "तेव्हा पाहुणे नसतात. आणि पगारही नसतो." त्यांचीही मुले सुटी लागल्यामुळे घरीच होती. ती दिवसभर आईवाचून होती, कारण त्यांची आई आमच्या मुलांचे ओले कपडे वाळत घालीत होती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तो मासळीच्या विणीचा काळ असतो. समुद्राला विसावा मिळाला नाही, तर जाळी रिकामी येतील, हे आपल्याला कळले आहे व आपण तसा नियमही केला आहे. समुद्रातील मासळीला विसावा आहे. आणि आपल्या हाती चहाचा पेला देणाऱ्या भगिनीला मात्र उपाशी विसावा आहे! परमेश्वराने इस्राएलास या आज्ञेचे कारण सांगितले ते हेच की, तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका. ज्याला सुटका मिळाली आहे, त्याने दुसऱ्याच्या श्रमावर आपला शब्बाथ उभारू नये.

आम्ही काय केले? फार थोडे. मी त्या बाईंची क्षमा मागितली. त्या दिवशी आमची खोली झाडू नये असे आम्ही मालकांना सांगितले आणि बाईंना दुपारी लवकर घरी जाऊ द्यावे अशी विनंती केली. त्यांनी ती मानली. एवढ्याने त्यांचा पावसाळा सुखाचा झाला नाही, हे मी जाणतो. परंतु ही यादी घेऊन मी घरी परतलो, आणि तेथे ती अधिकच लांब झाली. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या ताई, सहलीत मुले सांभाळण्यास सोबत नेलेली गरीब घरची मुलगी, आपल्या ख्रिस्ती वसतिगृहातील स्वयंपाकीण, मंदिराचा रखवालदार, ज्याचा रविवार हाच सर्वांत कष्टाचा दिवस असतो : या सर्वांचा विसावा कधी असतो, आणि त्या दिवसाचे वेतन त्यांना मिळते काय? हे विचारण्यास आपल्याला सात वर्षांच्या मुलीची गरज पडू नये.

वाचकहो, पवित्र शास्त्रात समुद्रकिनाऱ्यावरील एका न्याहारीचे वर्णन आहे. सात शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाती परतत होते. काठावर कोणी उभा होता. त्याने मुलांना मारावी तशी त्यांना हाक मारली. ते किनाऱ्यावर उतरले तेव्हा कोळशांचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. ही न्याहारी कोणी सिद्ध केली? मृत्यूवर जय मिळविलेल्या प्रभूने! ज्या हातांना खिळ्यांचे व्रण होते, त्या हातांनी विस्तव पेटविला व भाकर वाढली. श्रमलेल्यांना बसविणारा आणि स्वतः उठून वाढणारा, असा आपला प्रभू आहे.

म्हणून यंदा आपण समुद्रावर जाल तेव्हा आनंदाने जा. तो विसावा देवाचा आहे. मुलांनी हाक मारली, की पहिल्याच हाकेला उठा. आणि सकाळी कोणी आपल्यापुढे न्याहारी आणून ठेवील, तेव्हा त्या व्यक्तीच्या चेहऱ्याकडे पाहा, तिचे नाव विचारा. किनाऱ्यावर न्याहारी वाढण्याचे काम एकदा आपल्या प्रभूने केले आहे.

प्रार्थना : हे प्रेमळ पित्या, तू आम्हांला न मागता विसावा दिलास. आमच्या लेकरांची हाक ऐकण्यास आम्हांला कान दे, आणि जे आमच्यासाठी राबतात त्यांना विसावा देण्यास आम्हांला मन दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.