शुश्रूषा

शुश्रूषा हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो, की त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानातूनच गेला आहे. संस्कृतातील 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून तो झाला; ऐकण्याची इच्छा हा त्याचा पहिला अर्थ. सेवा हा अर्थ त्याला मागाहून जडला. कर्करोगाची औषधे घरात येऊ लागल्यापासून या जुन्या अर्थाचे स्मरण मला अगत्याचे वाटू लागले आहे.

1941 साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेव्हापासून पुष्कळ वर्षे खेड्यापाड्यांतल्या माणसाला हा रोग म्हणजे मुंबईची वारी होती. ती वारी आजही संपलेली नाही. परंतु काही औषधे आता गोळ्यांच्या रूपाने पिशवीतून गावी येतात. कॅपेसिटाबीन ही त्यांतलीच एक. मोठ्या आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगावर ती देतात. बहुधा 14 दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत; मग 7 दिवस विश्रांती. गोळी चुरडायची नाही, दुसऱ्याने ती उघड्या हाताने हाताळायची नाही, रोग्याचे खराब झालेले कपडे निराळे धुवायचे, आणि ताप 100.4 अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे. ही सारी परिचारिकेची कामे. घरात ती बहुधा पत्नीच्या, आईच्या किंवा सुनेच्या वाट्याला येतात.

शस्त्रवैद्य आपल्या रक्ताच्या माणसावर शस्त्र चालविण्याचे शक्यतो टाळतो. मायेने हात कापतो, हे त्याला ठाऊक असते. आपण मात्र जहाल औषध नेमके त्याच कापणाऱ्या हाती सोपवितो. आमच्या शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "गुरुजी, यांनी 'आज नको' म्हटलं की मला यांची बायको व्हावंसं वाटतं, पण हातात गोळी असते, म्हणून नर्स व्हावं लागतं."

या 'नको'चे काय करावे? कर्तव्य म्हणते, हट्ट मोडून गोळी द्यावी. माया म्हणते, राहू द्यावी. दोन्ही उत्तरे वरवर एकमेकांविरुद्ध असली, तरी त्यांच्यात एक दोष सारखाच आहे : दोघांपैकी कोणीही 'नको' पुरते ऐकलेले नसते. एकीने त्याला हट्ट मानले, दुसरीने आज्ञा.

वस्तुतः ते पुष्कळदा वर्तमान असते. तोंड आतून सोलले आहे, जुलाब थांबत नाहीत, तळहात-तळपाय लाल होऊन भेगाळले आहेत, हे सारे सांगण्याचा कंटाळा आलेला माणूस एवढेच म्हणतो : नको. अशा वेळी डॉक्टर गोळ्या काही दिवस थांबवितात, मात्रा कमी करतात. तशाच रेटल्या तर जिवावर बेतू शकते. उलट, कधी त्या 'नको'त नुसती भीती असते, आणि तिला गोळीहून निराळा उपाय लागतो. कोणते 'नको' कोणते, हे जवळ बसून विचारणाऱ्यालाच उमगते. म्हणून ऐकणे ही उपचाराची जोडगोष्ट नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे. मात्र गोळी बंद करण्याचा निवाडा त्या बाईने एकटीने करावयाचा नाही. तिने ऐकलेले डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचे. एवढे मानले, तर निवाड्याचे ओझे तिच्या माथ्यावरून पुष्कळसे उतरेल.

पण पुढचा प्रश्न आपल्या सर्वांना आहे. तिने सांगितलेले ऐकणारा कोणी आहे काय? रुग्णालयाच्या दूरध्वनीवर रात्री माणूस हवा. आणि नातेवाईक? ते लांबून विचारतात, "गोळी दिलीस ना?" आणि तिला सावित्री म्हणून मोकळे होतात. सावित्रीची उपमा आपल्याला प्रिय आहे, याचे एक कारण मला असे दिसते, की यमाच्या मागे ती एकटीच चालते. बाकीच्यांना त्या वाटेवर काही कामच नसते.

तिचा गौरव नाही केला तरी चालेल. थोरल्या मुलाने गोळ्यांचा हिशेब ठेवावा, दिराने कपडे धुवावेत, नणंदेने आठवड्यातल्या दोन रात्री जागाव्यात. मग तिला त्याच्या उशाशी रिकाम्या हाताने बसता येईल, आणि तो काय म्हणतो आहे ते ऐकता येईल.