एका कोयत्यातली दोन माणसे

सर्व भूतमात्रांत एकच चैतन्य आहे असे मानणाऱ्या समाजातही काही माणसे समोर असून नजरेस पडत नाहीत, आणि याचे कारण केवळ आचरणातल्या उणिवेत नव्हे, तर त्या तत्त्वाचा जो सोयीस्कर अर्थ लावला जातो त्यातही शोधावे लागते.

वारकरी संप्रदायाने समत्वाला आचाराची जोड दिली. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीस पोहोचते, तेव्हा परीट समाजाची मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या, म्हणजे वाटेवर अंथरायची वस्त्रे, घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. कपडे धुणाऱ्यांचे आणि मेंढरे वळणाऱ्यांचे रोजचे कामच तेथे पूजा ठरते, हे या सोहळ्याचे खरे मोठेपण आहे.

पालखी आषाढी एकादशीपूर्वी निघून जाते. त्याच परिसरातल्या माळेगाव आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम मात्र दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, आणि बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबे कोप्यांत, म्हणजे पाचट-ताडपत्रीच्या खोपटांत, राहू लागतात. मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाच्या, हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, सहसा पुरुषाच्या हाती पडते, आणि पहाटेच्या थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई त्या आकड्यात कोठेच वेगळी दिसत नाही.

अशा वेळी तिच्यातही पांडुरंग आहे एवढे म्हणून थांबणे धोक्याचे आहे, कारण आत्मा सर्वत्र एकच म्हटल्यावर तिचे नाव आणि तिचे दुखणारे कंबरडे या केवळ उपाधी, म्हणजे आत्म्यावर चढलेली तात्पुरती आवरणे, ठरून विचारातूनच गळून जातात. हा अद्वैताचा विपर्यास होय. एकत्व खरे असेल, तर तिची वेदना परकी राहूच शकत नाही.

परीट कुटुंबात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी झाडू हाती घेत आणि कीर्तन रात्री करीत; पंढरपुरातही त्यांनी यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या भक्तीत माणसाची गरज आधी येई. त्या क्रमाने विचार केला, तर ऊसतोडीच्या हिशेबात बाईचे नाव आणि तिची मजुरी स्वतंत्र लिहिली जावी, हा प्रश्न कामगार कायद्याइतकाच पायघड्या अंथरणाऱ्या या पंचक्रोशीच्या धर्माचाही आहे.