गॅलिलिओ ऐकताना

सैल बसा. मन गुरूपर्यंत जाऊ द्या. पृथ्वी त्याच्या अगदी जवळ आली तरी मधलं अंतर सुमारे ६० कोटी किलोमीटर असतं. प्रकाशालाही ते ओलांडायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. दोन-चार श्वास त्या अंतरातच राहा.

१९८९ साली निघालेलं गॅलिलिओ यान तिकडे चाललं होतं. एप्रिल १९९१मध्ये त्याचा मोठा अँटेना छत्रीसारखा उघडायचा होता. तो अर्धवट अडकला. त्यातून गुरूजवळून सेकंदाला १,३४,००० बिट यायचे होते. आता उरला लहान अँटेना, आणि सेकंदाला जेमतेम दहा-वीस बिट. एका छायाचित्रात ८०० गुणिले ८०० ठिपके, प्रत्येकाचे ८ बिट. दहाच्या वेगाने एक चित्र यायला जवळपास सहा दिवस. हे सहा दिवस मनात मोजून पाहा.

अभियंत्यांनी यानाला नवी आज्ञावली पाठवली. पाहिलेलं आधी टेपवर साठवायचं, मग आकुंचित करून सवडीने पाठवायचं.

इथे थोडं थांबा. आकुंचित मजकूर नाजूक असतो. एक बिट बिघडला तर त्याच्या नंतरचाही भाग वाचता येत नाही. पुन्हा विचारावं, तर जाऊन-येऊन तासाहून अधिक वेळ. म्हणून अशा अरुंद वाटेवरही मुद्दाम जास्तीचे बिट पाठवले गेले. एका बिटासाठी चार चिन्हं, शिवाय आणखी एक संकेतावली. वाटेत काही हरवलं तरी उरलेल्यातून मूळ शब्द जुळवता यावा, एवढ्यासाठी. या जास्तीच्या बिटांना वाया गेलेले म्हणवेल का? मला नाही म्हणवत. मला तर ही सगळ्यात मायेची गोष्ट वाटते: आपलं बोलणं वाटेत फाटणार हे धरूनच बोलणं.

आता ऐकणाऱ्याकडे या. कॅनबेराजवळचा ७० मीटरचा अँटेना, पार्क्सची ६४ मीटरची दुर्बीण, कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन. यांनी मिळून एकच क्षीण लहर टिपली, तिचे तुकडे जुळवले. नीट ऐकू येत असेल तेव्हा यान वेग वाढवी, नसेल तेव्हा कमी करी. अगदी चांगल्या वेळी सेकंदाला १६० बिट. बोलणारा आणि ऐकणारा, दोघं एकमेकांसाठी बदलत होते.

याच वाटेने चुंबकमापकाची मोजमापं आली. गुरूचा चंद्र युरोपा, त्याच्या बर्फाखाली खारा समुद्र असावा, याचा भक्कम पुरावा त्यांतच होता.